शंभर टक्के कागदाविना

अहवालातलं ते वाक्य शर्मिष्ठा खानोलकरनं सकाळपासून चौथ्यांदा वाचलं आणि चौथ्यांदा तिला उठून तोंड धुवावंसं वाटलं. वाक्य गुळगुळीत इंग्रजीत होतं. त्याचा मतलब असा की महामारीत भल्याभल्या देशांच्या व्यापाराची दाणादाण उडाली, तेव्हा लखनौच्या या निर्यात कार्यालयाचं काम एक दिवसही अडलं नाही; कारण इथं पहिल्या दिवसापासून सगळं शंभर टक्के कागदाविना, ऑनलाइन आणि कर्मचाऱ्यांनी आपापल्या घरी सुरक्षित बसून केलं. समासात साहेबांनी हिरव्या शाईत 'उत्तम' लिहिलं होतं. आणि वाक्य दुसऱ्या कुणाचं नव्हतं, तिचं स्वतःचंच होतं.

एक आंतरराष्ट्रीय संस्था वीस देशांचा अभ्यास करत होती. संकटात काही देशांचा व्यापार वाकतो पण मोडत नाही, तो कशामुळे, असा त्यांचा प्रश्न. भारतातून जी चार-पाच कार्यालयं नमुन्यादाखल निवडली त्यात हे एक होतं. शुक्रवारी गोमतीनगरच्या एका बड्या हॉटेलात पाहुणे येणार होते. तिथं कार्यालयाचे प्रमुख हर्षवर्धन दाभोळेसाहेब भाषण ठोकणार होते, आणि ते नीट वठलं तर साहेबांची परदेशातली नेमणूक पक्की होती. दिल्लीहून आलेल्या सल्लागारांनी कारणांची यादी आधीच बनवून आणली होती. कागदाऐवजी संगणक, एकाच गिऱ्हाइकावर न विसंबता चार देशांत बाजार, बंदरं उघडी ठेवणं, सरकारनं वेळेवर दिलेला टेकू. यादीत खोटं काही नव्हतं. ती या कार्यालयाला चिकटवली की मात्र धडधडीत खोटी व्हायची.

कार्यालयाचं काम एका दाखल्याचं. माल कुठल्या देशात तयार झाला याचा हा दाखला मालाबरोबर गेला नाही तर तिकडच्या बंदरात माल अडकून पडतो. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा बाराबंकीच्या पिपरमिंट तेलाची पिंपं भरून तयार होती. ते औषधांत लागतं, म्हणून त्याला परवानगी होती. पुढे मलिहाबादचा आंबा आला, तो कुणासाठी थांबत नाही. पोर्टल होतं, नाही असं नाही. उघडलं की पांढरा पडदा दाखवायचं आणि अर्ध्या तासानं पुन्हा प्रयत्न करा म्हणून सांगायचं. शिवाय घेणाऱ्या देशांतल्या कस्टमवाल्यांना त्या पोर्टलचं काही कौतुक नव्हतं. त्यांना शाईची सही आणि उमटलेला शिक्का हवा होता.

शिक्का शिवनायक रावतच्या ताब्यात असे. कार्यालयातला हा कारकून तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होता, अंगानं काटकुळा, आणि त्याचं अक्षर असं की पाहत राहावं. राहायचा बख्शी का तालाबच्या पलीकडे एका खेड्यात. शर्मिष्ठानं फोन करून विचारलं, येता येईल का, तर तो म्हणाला होता की ठप्प्याशिवाय हे जाणारच नाही, तर येतो. बसगाड्या बंद, ऑटो बंद. तो सायकलवर आला, वीस किलोमीटर, आणि मग रोज येत राहिला. कार्यालयात कुणीही येऊ नये असा वरून हुकूम होता, म्हणून शर्मिष्ठानं त्याला सांगून ठेवलं की हजेरीपुस्तकात सही करू नको, उगाच कुणाच्या डोळ्यांवर यायला नको. तो 'जी मैडम' म्हणाला. बोलणं एवढंच झालं होतं.

सही मात्र तिची लागायची, आणि ती इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून पायरी उतरायला तयार नव्हती. मग गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली जाऊ लागली. शिवनायक त्यात लिहिलेले, शिक्के मारलेले कागद ठेवायचा, ती पिशवी वर ओढायची, सह्या करून पुन्हा खाली सोडायची. पहिल्या आठवड्यात तर तिनं कहर केला. हातमोजे घालून कागदांवर दोन्ही बाजूंनी सॅनिटायझर फवारला. शाई ओघळली, शिक्क्यांची निळी थारोळी झाली, अकरा दाखले वाया गेले. शिवनायक वर बघून नुसता हसला, कागद गुंडाळले, कार्यालयात जाऊन अकराच्या अकरा पुन्हा लिहिले आणि संध्याकाळी परत आला. शिकलेल्या, जबाबदार अधिकारी बाईनं केलेली ही चूक होती, आणि ती निस्तरायला तो भर उन्हात सायकल हाणत होता.

त्याला वर ये म्हणून ती एकदाही म्हणाली नाही. पाणीसुद्धा त्याच पिशवीतून खाली जायचं, आणि ती बाटली तिनं परत घेतली नाही.

आता हे सगळं आठवलं की तिला शिसारी यायची. ती पहिल्यांदा स्वतःची यायची आणि मग पसरत पसरत साहेबांपर्यंत, सल्लागारांपर्यंत, त्या हिरव्या शाईपर्यंत जायची. मागच्या वर्षी साहेबांनी रेकॉर्ड रूममधले दाखल्यांचे गठ्ठे स्कॅन करून पोर्टलवर चढवायला लावले आणि मूळ कागद रद्दीत घातले. पोर्टलवर आता प्रत्येक दाखल्याखाली एक ओळ आपोआप छापून येते. सही करणार, एस. खानोलकर. तयार करणार, सिस्टिम. शिवनायक रावत गेला तो सिस्टिम होऊन बसला, म्हणजे अमरच झाला की.

तो गेला दुसऱ्या लाटेत, दोन हजार एकवीसच्या एप्रिलात. कार्यालय पुन्हा बंद झालं होतं, तिनं पुन्हा फोन केला होता, पिशवी पुन्हा खाली गेली होती आणि हजेरीपुस्तक पुन्हा कोरं होतं. सत्तावीस तारखेला त्याचा श्वास थांबला. नियमाप्रमाणे मृताच्या घरातल्या एकाला अनुकंपेवर नोकरी मिळते, पण ती रांग इतकी लांब की माणूस रांगेतच म्हातारा होतो. महामारीत कर्तव्यावर असताना गेलेल्यांसाठी वेगळी, छोटी रांग होती. त्यासाठी पुरावा एकच हवा होता, आजारी पडण्याआधीच्या दिवसांत माणूस कामावर हजर होता याचा. अर्जाची मुदत पाच वर्षं. या एप्रिलात ती संपत होती.

शिवनायकची बायको फूलमती इंटर, म्हणजे बारावी पास होती. ती महिन्या-दोन महिन्यांनी येई, नेहमी धुतलेल्या सुती साडीत, हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात कागद. तिला कुणी ताटकळत ठेवत नसे. लखनौ आहे हे, इथं माणसाला आदरानं बसवून, चहा पाजून परत पाठवतात. साहेब उठून उभे राहत, 'आइए, तशरीफ़ रखिए' म्हणत, आणि ती खुर्चीच्या कडेवर टेकली की शर्मिष्ठाकडे वळून मराठीत सुरू होत. ही त्या दोघांची कार्यालयातली रीतच पडून गेली होती. अख्ख्या इमारतीत मराठी दोघंच. माणूस समोर बसलेला असताना त्याच्याबद्दल काय ठरवायचं ते मराठीत ठरवायचं आणि मग हिंदीत हसून त्याला काहीतरी भलतंच सांगायचं. निर्यातदारांशी हेच, शिपायांशी हेच. सुरुवातीला तिला याची गंमत वाटली होती. परक्या गावात आपली भाषा बोलायला कुणीतरी आहे याचं सुखही वाटलं होतं. आता साहेबांनी मानेला तो ठरावीक झोका देऊन 'ताई' म्हटलं की तिच्या अंगावर पाल पडल्यासारखं होई.

फूलमतीच्या समोरच तिनं दोन वर्षांपूर्वी साहेबांना मराठीत सगळं सांगून टाकलं होतं. हजेरीपुस्तकाचं, फोनचं, पिशवीचं. साहेब तेव्हा नुकतेच बदलून आले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे आपल्यात राहू द्या, तुमची निवृत्ती तीन-चार वर्षांवर आली, कशाला हात पोळून घेता. आणि ती मूग गिळून बसली. वर फूलमतीला म्हणाली, 'देख रहे हैं, कोशिश चल रही है.' त्यानंतर दोन वर्षं ती हेच म्हणत आली होती.

बुधवारी सकाळी अहवालाची प्रत जेवणाच्या टेबलावर पडली होती. लेकीनं, आर्यानं, पोहे खाता खाता ती चाळली. टाळेबंदीत आर्या नववीत होती, आता कॉलेज संपवत आलीय. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच देते. पानं उलटून झाल्यावर तिनं विचारलं, 'मम्मा, इसमें वो थैली वाले अंकल तो कहीं हैं ही नहीं?'

शर्मिष्ठा म्हणाली, अहवालात माणसांची नावं नसतात, पद्धत असते.

'पद्धत तो वही थे ना,' आर्या म्हणाली, बशी सिंकमध्ये ठेवली आणि निघून गेली. तिनं हे टोचून म्हटलं नव्हतं. टोचून म्हटलं असतं तर शर्मिष्ठाला भांडता तरी आलं असतं.

गुरुवारी अकराच्या सुमारास फूलमती आली. साहेबांच्या खोलीत त्या वेळी लगीनघाई होती. टेबलावर पाहुण्यांना द्यायचे चिकनच्या भरतकामाचे कुर्ते चौक बाजारातून येऊन पडले होते, प्रत्येक डब्यावर चंदेरी फीत. साहेब भाषणाची तालीम करत होते. संकटात जो टिकतो तो यंत्रणेच्या जोरावर टिकतो, हे वाक्य ते दोन-तीन तऱ्हेनं म्हणून बघत होते आणि कुठल्या शब्दावर थांबावं हे शर्मिष्ठाला विचारत होते. दार ढकलून शिपायानं फूलमतीला आत सोडलं. साहेब लगेच उठले, खुर्ची पुढे केली, चहा सांगितला, घरी सगळे कसे आहेत विचारलं. मग बसले आणि मानेला तो झोका दिला.

'ताई, हिला सांगा फाईल दिल्लीला गेलीय, मोठ्या साहेबांच्या टेबलावर आहे. एप्रिल उलटला की विषय आपोआप मिटतो. आणि उद्या हॉटेलच्या दारात येऊन उभी राहायला नको, तेवढं बघा. बाई साधी आहे, ऐकेल तुमचं.' एवढं बोलून ते फूलमतीकडे पाहून गोड हसले. 'मैडम आपको सब समझा देंगी.'

फूलमतीनं शर्मिष्ठाकडे पाहिलं. तिची नजर आर्जवाची नव्हती आणि रागाचीही नव्हती. बसस्टॉपवर माणूस गाडीच्या दिशेनं बघत उभा राहतो, तशी ती बघत होती. आणि शर्मिष्ठाच्या जिभेवर ते नेहमीचं वाक्य आलंसुद्धा. कोशिश चल रही है. ते इतकं तयार होतं, इतकं घोटलेलं होतं, की नुसतं तोंड उघडलं असतं तरी बाहेर पडलं असतं. कुणाच्या तरी तोंडातला घास आपल्या तोंडात आल्यासारखं वाटलं.

'साहब कह रहे हैं,' ती हिंदीत म्हणाली, 'कि मैं आपसे झूठ बोल दूँ कि फ़ाइल दिल्ली गई है. फ़ाइल कहीं नहीं गई, मेरी अलमारी में है. कह रहे हैं, अप्रैल निकल जाएगा तो मामला अपने आप ख़त्म हो जाएगा.'

साहेबांचं हसू तोंडावरच राहिलं, ते आवरायला त्यांना जमलं नाही. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही, कारण अजून खरं सांगायचं राहिलंच होतं आणि ते साहेबांचं नव्हतं.

'और रजिस्टर में दस्तख़त करने से शिवनायक जी को मैंने मना किया था. दोनों बार.'

शिपाई चहाचा ट्रे घेऊन आला, वातावरण पाहून ट्रे ठेवून निघून गेला. साहेब मग मराठीत, अगदी हळू, म्हणाले की ताई, तुम्ही काय करताय याची तुम्हाला कल्पना आहे का, उद्या हा अहवाल बाहेर पडणार आहे, त्याखाली तुमची सही आहे, चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. सगळं खरं होतं. तिच्या काळजीचा आव आणण्यातसुद्धा त्यांनी कसूर केली नाही. तिनं हिंदीत उत्तर दिलं की साहब, आता जे बोलायचं ते हिंदीतच बोलू या, म्हणजे यांनाही कळेल. साहेबांनी फोन उचलला, कानाला लावला आणि कुणाशी तरी बोलत बाहेर गेले. फोन वाजलेला नव्हता.

फूलमतीनं पदर सारखा केला. ती रडेल, निदान दोन शब्द लागट बोलेल, अशी शर्मिष्ठाची अपेक्षा होती. खरं म्हणजे तशी तिची इच्छाच होती. शिव्या खाल्ल्या की जरा हलकं वाटतं. फूलमतीनं तिला ते सुख दिलं नाही.

'रजिस्टर वाली बात तो वो घर पर बता दिए थे,' ती म्हणाली. 'हम तो ये देख रहे थे, मैडम, कि आप कब बोलेंगी. अब लिख के दे दीजिए.'

शर्मिष्ठानं कार्यालयाचा छापील कागद ओढला. कार्यालय बंद असताना माझ्या तोंडी आदेशावरून श्री. शिवनायक रावत खालील दिवशी कामावर हजर होते, त्यांना हजेरीपुस्तकात सही न करण्याची सूचना मीच दिली होती, असं तिनं लिहिलं. लिहिताना जाणवलं की या एका वाक्यानं अहवालातलं तिचंच वाक्य पार निकालात निघतं. पहिल्या दिवसापासून ऑनलाइन नव्हतं, कागदाविना नव्हतं, आणि सगळे घरी सुरक्षित बसले नव्हते. उद्या हे पाहुण्यांच्या हाती पडो की न पडो, सोमवारपर्यंत दिल्लीच्या हाती पडणारच होतं. तिला भीती वाटली. धीटपणाबिटपणा काही वाटला नाही, पाच वर्षं उशिरा आलेल्या माणसाला कसला धीटपणा.

'खालील दिवशी' म्हणून लिहिलं खरं, पण दिवस कोणते ते तिच्याकडे कुठं होते. स्कॅनमध्ये हातानं लिहिलेल्या तारखा पुसट होऊन गेल्या होत्या, आणि पोर्टलवरच्या तारखा चढवल्याच्या होत्या, लिहिल्याच्या नव्हत्या. तिनं मान वर करून फूलमतीला विचारलं. तारखा विचारायलाही तिला लाज वाटली.

'पाँच अप्रैल, सोमवार से,' फूलमती म्हणाली. कशावरून आठवतं ते तिनं न विचारता सांगितलं. रोज संध्याकाळी ती नवऱ्याला अंगणातच कपडे उतरवायला लावायची, चुलीवर पाणी ठेवून ते उकळायची आणि त्याची खाट बाहेर छपराखाली टाकायची. घरात तिची म्हातारी सासू होती. आम्हीही त्यांना आत घेतलं नाही मॅडम, असं ती हिंदीत म्हणाली. जितके दिवस कपडे उकळले तितके दिवस ते कामावर गेले, तिचा हिशेब सरळ होता.

शर्मिष्ठा एकेका ओळीत एकेक तारीख लिहीत गेली. पाच, सहा, सात. अकराला रविवार होता, त्या दिवशी तो घरी होता, ती गाळली. बारापासून पुन्हा सुरू. फूलमती खुर्चीच्या कडेवरून पुढे वाकून प्रत्येक तारखेला मान हलवत होती. सतराला शनिवार आला. शर्मिष्ठानं खाली रेघ मारली आणि सहीसाठी पेन खाली आणलं.

'अठारह रह गया,' फूलमती म्हणाली.

'अठारह को इतवार था.'

'हाँ, इतवार ही था. बुखार था उनको. लेटे थे. आपका फोन आया था.'

शर्मिष्ठाला आठवलं. आठवलं म्हणणंही खोटंच, ती ते विसरली कधी नव्हती, फक्त तिकडं बघत नव्हती. पिपरमिंट तेलाचा माल होता, औषधांसाठीचा, विमान सोमवारी सकाळचं. तो फोनवर म्हणाला होता, मैडम, थोड़ी हरारत है. आणि ती म्हणाली होती, मग आज दोन मास्क लावून ये.

तिनं मारलेली रेघ खोडली. खाली अठरा लिहिलं, पुढे रविवार लिहिलं, आणि त्याच्यापुढे लिहिलं, ताप असल्याचं सांगितल्यावरही माझ्या फोनवरून बोलावलं. फूलमतीनं कागद हातात घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बोट फिरवत सावकाश वाचला आणि सहीसाठी परत तिच्यापुढे ठेवला.